महापालिकेत ठराव झाला, आता पुढे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मैदान, फुटपाथ, बांधकाम, फेरीवाले, रस्ते. सभागृहात या विषयांवर निर्णय झाला की लोकांचे निरोप सुरू होतात, आणि त्यातले निम्मे प्रश्न तेच तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शहरांपुरती आहेत. मुंबईचा कारभार १८८८ च्या कायद्यावर, बाकी महापालिकांचा १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर आणि नगरपरिषदांचा १९६५ च्या अधिनियमावर चालतो. कलमांचे क्रमांक दिले आहेत तिथे हा फरक लक्षात ठेवा.

१. पेपरात आलं, "उद्यानाला सभागृहाची मंजुरी". म्हणजे काम आता सुरू होणार ना?

लगेच नाही. सभागृहाचा ठराव ही पहिली पायरी. त्यानंतर अंदाजपत्रकात तरतूद लागते, अभियंत्यांची तांत्रिक मान्यता लागते, निविदा निघते, ती स्थायी समितीत मंजूर होते आणि मग ठेकेदाराला कार्यादेश मिळतो. कार्यादेश निघाल्याशिवाय जागेवर एक कुदळ पडत नाही.

गाडी सगळ्यात जास्त अडते ती तरतुदीपाशी. कामाचं नाव अंदाजपत्रकात असतं, पण समोर टोकन रक्कम असते, किंवा वर्षाच्या मध्यात तो निधी वर्गीकरण करून दुसऱ्याच कामाकडे वळवलेला असतो. त्यामुळे नगरसेवकाला "मंजूर झालं का?" असं विचारू नका. "तरतूद किती आणि कार्यादेशाची तारीख काय?" असं विचारा.

२. सर्वसाधारण सभा, स्थायी समिती, आयुक्त. नक्की कोण काय ठरवतं?

धोरण, अंदाजपत्रक, करांचे दर आणि विकास आराखड्यातले बदल सर्वसाधारण सभा ठरवते. तिलाच कुठे मुख्य सभा म्हणतात, कुठे महासभा. पैशाच्या दोऱ्या स्थायी समितीच्या हातात असतात. १९४९ च्या कायद्याखालच्या महापालिकांत तिचे १६ सदस्य असतात आणि दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. अंमलबजावणी आयुक्तांकडे. तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात, हे ७४ व्या घटनादुरुस्तीनेच सांगितलं आहे.

बांधकाम परवानगी सभागृहात येत नाही. ती आयुक्तांच्या वतीने नगररचना किंवा बांधकाम विभाग देतो. "नगरसेवकांनी टॉवर मंजूर केला" असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते चुकीच्या दाराशी भांडत असतात.

३. मधली काही वर्षं आमच्याकडे नगरसेवकच नव्हते. प्रशासकाने घेतलेले निर्णय टिकतात का?

टिकतात. २०२२ पासून अनेक महापालिकांच्या मुदती संपत गेल्या. मुंबईची ७ मार्च २०२२ ला संपली. तिथे आयुक्तच प्रशासक झाले आणि सभागृह व स्थायी समिती या दोघांचे अधिकार त्यांच्याकडे गेले. त्या काळातले ठराव "प्रशासकीय ठराव" म्हणून नोंदलेले आहेत आणि त्यांची प्रत मागता येते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृहं पुन्हा भरली, पण म्हणून आधीचे ठराव आपोआप रद्द झाले नाहीत. ते बदलायचे असतील तर नवा ठराव लागतो, आणि दरम्यान ठेकेदाराशी करार झाला असेल तर तेही सोपं राहत नाही.

हा काळ फार लांबला, असं मी स्पष्टच म्हणतो. ज्या चर्चा सभागृहात, पत्रकारांसमोर व्हायला हव्या होत्या, त्या एका टेबलावरच्या टिपणीत मिटल्या.

४. बातमीवर विश्वास नाही. मला मूळ ठराव वाचायचा आहे. कुठे मिळेल?

नगरसचिव कार्यालयात. तीन कागद मागा: सभेची कार्यपत्रिका, त्या विषयाचा गोषवारा आणि ठराव. गोषवाऱ्यात प्रशासनाने खर्च, जागेचा सर्व्हे क्रमांक आणि कारणं दिलेली असतात. खरं वाचण्यासारखं तेच असतं. विषय ऐनवेळचा म्हणून आला होता का आणि त्याला उपसूचना, म्हणजे सभेत सुचवलेली दुरुस्ती, जोडली होती का, हे जरूर पाहा. मूळ प्रस्ताव एका उद्यानाचा असतो आणि उपसूचनेने त्यात दोन भूखंड जास्तीचे शिरलेले असतात, असं घडतं.

सहज मिळालं नाही तर माहितीचा अधिकार आहे. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, म्हणून गोष्ट सांगत बसू नका. सरळ लिहा: "ठराव क्रमांक अमुक, दिनांक तमुक, गोषवारा व उपसूचनेसह प्रत मिळावी." त्याहून जलद वाट म्हणजे दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जाऊन फाईल पाहणं. शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकाने ही सोय केली आहे. फाईल हातात आली की उजव्या बाजूची पत्रं वाचून थांबू नका, डावीकडच्या टिपण्या वाचा. एखाद्या कनिष्ठ अभियंत्याने तिसऱ्याच पानावर "जागा ताब्यात नाही" असं लिहिलेलं असतं आणि पुढच्या सगळ्या सह्या त्यावरून निघून गेलेल्या असतात.

५. आमच्या मैदानाचं आरक्षण बदलून तिथे दुसरंच काही बांधणार आहेत. नुसता ठराव करून असं करता येतं का?

येत नाही. विकास आराखड्यात जागा "क्रीडांगण" किंवा "उद्यान" म्हणून दाखवली असेल, तर तिचा वापर बदलायला १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ ची वाट चालावी लागते. सभागृह फेरबदलाचा ठराव करतं. मग राजपत्रात आणि इतर ठरलेल्या मार्गांनी नोटीस प्रसिद्ध होते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. सुनावणी होते, प्रस्ताव राज्य शासनाकडे जातो, आणि शासनाने मंजूर केल्यावरच बदल लागू होतो. हे कलम आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणाऱ्या किरकोळ फेरबदलांसाठी आहे. वस्तीतलं एकमेव मैदान जात असेल तर "हा बदल किरकोळ नाही" हाच तुमचा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा न्यायालयाने दिलेला आहे. बंगळूरु मेडिकल ट्रस्ट विरुद्ध बी. एस. मुद्दाप्पा या १९९१ च्या खटल्यात उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिलं नाही आणि आसपासच्या रहिवाशांना दाद मागण्याचा हक्क आहे हेही मान्य केलं. हरकतीत हा निकाल नावानिशी लिहा.

आता माझा स्वतःचा अनुभव, कारण या यादीत मला सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न हाच आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मैदान होतं. एका कोपऱ्यात पिंपळ आणि मधोमध पोरांनी विटा रचून केलेली खेळपट्टी. फेरबदलाची नोटीस एका दैनिकाच्या आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातींमध्ये, बोटभर जागेत आली. त्यात मैदान हा शब्द नव्हता. सर्व्हे क्रमांक, हिस्सा क्रमांक आणि "आरक्षण क्र." एवढंच. आमच्यापैकी कुणालाही आमच्या मैदानाचा सर्व्हे क्रमांक माहीत नव्हता. कळलं तेव्हा मुदत संपून दोन दिवस झाले होते. साडेतीनशे सह्यांचा अर्ज आवक खिडकीवर घेतला गेला, शिक्काही मिळाला, पण सुनावणीला आम्हाला बोलावलं नाही.

म्हणून सांगतो: तुमच्या भागातल्या प्रत्येक मोकळ्या जागेचा सर्व्हे क्रमांक आणि आरक्षण क्रमांक आजच लिहून ठेवा. नगररचना विभागात आराखड्याचा नकाशा पाहायला मिळतो.

६. हरकत कशी लिहायची? वकील लागतो का?

वकील लागत नाही. साध्या कागदावर चालते. नोटिशीचा क्रमांक व तारीख, जागेचा क्रमांक, तुमचं नाव-पत्ता, हरकतीचे मुद्दे आणि शेवटी "मला प्रत्यक्ष सुनावणी मिळावी" हे वाक्य. हे शेवटचं वाक्य विसरू नका.

दोनशे लोकांनी सह्या केलेल्या एका अर्जापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांचे वीस अर्ज जास्त उपयोगी पडतात, कारण सामूहिक अर्ज ही एकच हरकत मोजली जाण्याची शक्यता असते. भावना लिहा, पण मोजमापही लिहा: दुसरं जवळचं मैदान किती लांब, वाटेत किती मोठे रस्ते, शाळेची मुलं किती वाजता येतात. दुसऱ्या एका प्रकरणात एका आजींनी पंधरा दिवस संध्याकाळी मैदानात येणाऱ्या मुलांची संख्या शाळेच्या वहीत तारीखवार लिहून आणली होती. सुनावणीत अधिकाऱ्याने ती वही मागून घेतली आणि पानं उलटून पाहिली. बाकीच्यांची भाषणं त्याने नुसती ऐकली.

अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

७. जागा आरक्षित आहे, पण मालकाने "नोटीस" दिली म्हणे आणि आता आरक्षणच जाणार. हे काय प्रकरण?

हे १९६६ च्या नगररचना अधिनियमाचं कलम १२७. आराखडा लागू झाल्यापासून १० वर्षांत महापालिकेने जागा घेतली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्यासाठीची खरी पावलं पडली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं आणि जागा मालकाला मोकळी होते. "संपादन करावे" असा नुसता ठराव म्हणजे पाऊल नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात स्पष्ट केलं.

मालकावर राग काढून उपयोग नाही. त्याची जमीन दहा वर्षं अडकून पडलेली असते आणि कायद्याने दिलेला हक्क तो वापरतो. प्रश्न महापालिकेला विचारा: नोटीस कधी आली, दोन वर्षांत काय केलं, मालकाला टीडीआर (जमिनीच्या बदल्यात दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला का? तुमच्या प्रभागात अशा किती नोटिसा प्रलंबित आहेत, हे माहिती अधिकारात मागता येतं (रीत प्रश्न ४ मध्ये आहे). ही यादी दरवर्षी मागावी, इतकी ती महत्त्वाची आहे.

८. फ्लॅट घेताना बिल्डरने बाग दाखवली होती. आता तिथे आणखी एक इमारत उभी राहतेय.

दोन गोष्टी तपासा. एक, मंजूर नकाशा. मुंबईबाहेर ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेच्या रेखांकनात १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते आणि तिच्यावर इमारत येऊ शकत नाही. दुसरं, रेरा कायद्याचं कलम १४. मंजूर नकाशात किंवा सामाईक जागांत बदल करायचा तर दोन तृतीयांश फ्लॅटधारकांची लेखी संमती लागते. करारनाम्यात बारीक अक्षरांत घेतलेली सरसकट संमती पुरेशी आहे असं बिल्डर सांगेल. मान डोलावू नका, महारेराकडे तक्रार करा. माहितीपत्रकातलं रंगीत चित्र जपून ठेवा, तोही पुरावा असतो.

९. समोरच्या बांधकामाला परवानगी आहे की नाही, कसं कळेल? शिवाय रात्री अकरा वाजेपर्यंत मशिन चालू असतं.

जागेवर परवानगीचा फलक असायला हवा. त्यावरचा प्रारंभ प्रमाणपत्राचा (काम सुरू करण्याच्या परवानगीचा) क्रमांक टिपून घ्या आणि बांधकाम विभागात नकाशाची प्रत मागा. मंजूर मजले आणि उभे मजले मोजून पाहा.

रात्रीचं म्हणाल तर ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागात आवाज करणारी बांधकामाची यंत्रं चालवता येत नाहीत. तक्रार पोलिसांकडेही करता येते.

१०. मी पंचवीस वर्षं घरपट्टी भरतो. मग माझं बांधकाम अधिकृतच ना?

नाही. घरपट्टी ही वापराची आकारणी आहे, परवानगी नव्हे. अनधिकृत बांधकामालाही कर लागतो, वर शास्तीही लागू शकते, आणि पावती हातात असताना नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे बांधकाम पाडण्याची, नोटीस येऊ शकते. वीज मीटर आणि नळजोडणीचंही तसंच. अधिकृतपणा सिद्ध होतो तो बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र या दोन कागदांनी. हे वाचून अनेकांच्या पोटात गोळा येतो याची मला जाणीव आहे. नियमित होणं शक्य आहे का, हे परवानाधारक वास्तुविशारदाकडून तपासून घ्या. रस्त्यावर, आरक्षणावर किंवा नदीपात्रात आलेलं बांधकाम सहसा त्यात बसत नाही.

११. रस्तारुंदीसाठी झाडं जाणार आहेत. थांबवता येतं का?

वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. वर्तमानपत्रात सूचना आणि झाडावर नोटीस लावणं बंधनकारक आहे. हरकतीला साधारण सात दिवसच मिळतात, त्यामुळे नोटीस दिसली की त्याच दिवशी फोटो काढा. ५० वर्षांवरच्या झाडाला २०२१ पासून "वारसा वृक्ष" म्हणून वेगळं संरक्षण आहे. हरकतीत झाडाचा बुंधा फीतीने मोजून घेर लिहा. लिहायची बाकी रीत प्रश्न ६ प्रमाणे.

१२. मी वीस वर्षं एकाच जागी भाजी विकते. आता तो रस्ता ना-फेरीवाला क्षेत्र केलाय. मला उठावंच लागेल?

ताई, आधी हे पाहा की तुमचं सर्वेक्षणात नाव आहे का. पथविक्रेता कायदा २०१४ सांगतो की सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्याला हटवता येत नाही. सर्वेक्षण दर पाच वर्षांनी व्हायला हवं. जिथे वर्षानुवर्षं विक्रेते आणि गिऱ्हाइकं जमत आली आहेत, अशा नैसर्गिक बाजाराला ना-फेरीवाला क्षेत्र ठरवता येत नाही, हेही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे. स्थलांतर करायचंच ठरलं तर ३० दिवसांची नोटीस लागते.

अपवादही आहेत. मुंबईत उच्च न्यायालयाने १ नोव्हेंबर २०१७ च्या निकालात रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालयं, प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत विक्रीला मनाई केली. फेरीवाल्यांसाठीच्या स्वनिधी योजनेचं कर्ज मिळालं म्हणजे जागा पक्की झाली असाही समज आहे. तो चुकीचा आहे. प्रमाणपत्र वेगळं, कर्ज वेगळं.

हे सगळं नगर पथविक्रेता समितीत ठरतं. तिच्यात ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडलेले आणि त्यांत एक तृतीयांश महिला असायला हव्यात. तुमच्या शहरात ही निवडणूक झाली आहे का, हे आधी विचारा.

१३. अतिक्रमण पथकाने गाडी आणि माल उचलून नेला. परत मिळतो का?

मिळतो. जप्त मालाची यादी करून तिची सही केलेली प्रत विक्रेत्याला देणं पथकावर बंधनकारक आहे. नाशिवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत द्यावा लागतो, ठरलेलं शुल्क भरून. यादी मागा. देत नसतील तर तिथल्या तिथे मालाचा आणि वाहनाच्या क्रमांकाचा फोटो काढा. टोपलीत मेथीच्या चाळीस जुड्या होत्या की दहा, हे दुसऱ्या दिवशी सिद्ध करता येत नाही.

१४. फेरीवाल्यांना कायदा आहे, मग फुटपाथवरून चालणाऱ्या आम्हाला काहीच नाही?

आहे, आणि ते याच पथविक्रेता कायद्यात आहे. विक्रेत्यांची संख्या शहराच्या, विभागाच्या किंवा प्रभागाच्या लोकसंख्येच्या २.५ टक्क्यांपर्यंतच सामावून घ्यायची आहे आणि जागा आखूनच द्यायच्या आहेत. प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्याने देता येत नाही. आखणी न केल्यामुळे दोघांचेही हाल होतात: चालणारा रस्त्यावर उतरतो आणि विक्रेता रोज हप्त्याच्या भीतीत जगतो. नगर पथविक्रेता समितीवर रहिवासी संघांनाही जागा आहे, तिथे आपला माणूस पाठवा. दुकानदारांनी पायरीपुढे टाकलेली शेड आणि मांडलेला माल हेही अतिक्रमणच आहे. तक्रारीत तेही लिहा, नाहीतर ती एकतर्फी ठरते.

१५. महापालिका मोकळ्या जागा भाड्याने, पार्किंगला किंवा विकासकाला द्यायला इतकी उतावीळ का असते?

पैशासाठी. जकात गेली, २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांसाठी स्थानिक संस्था कर गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकातही संपली. आता मोठा आधार मालमत्ता कर, बांधकाम विकास शुल्क आणि राज्याच्या अनुदानाचा. मालमत्ता कर वाढवायला कुणीही धजावत नाही. मग नजर जागांकडे जाते. सभागृहात करवाढ फेटाळल्याचा जल्लोष होतो, त्याच अंदाजपत्रकात "मिळकती भाडेपट्ट्याने देणे" या सदराखालचा आकडा वाढलेला आहे का, तेवढं पाहा.

१६. निविदा न काढताच काम दिलं. हा घोटाळाच ना?

दरवेळी नाही. १९४९ च्या कायद्यात आणीबाणीच्या कामांसाठी आयुक्तांना कलम ६७(३)(क) खाली अधिकार आहेत. त्यातून केलेलं काम स्थायी समितीला कळवावं लागतं. दुसरी वाट म्हणजे महापालिकेत ज्याला "पाच-दोन-दोन" म्हणतात ती: कारणं नोंदवून स्थायी समिती निविदेविना करार करू देते. कळीचा शब्द "कारणं". पूर आला, पूल खचला तर समजू शकतं. पावसाळा दर जूनमध्ये येतो, त्यामुळे नालेसफाई अचानक उद्भवली असं लिहिलं असेल तर ते कारण तपासून घ्यायलाच हवं.

१७. नवा रस्ता एका पावसात उखडला. पुन्हा आमच्याच पैशाने दुरुस्ती?

दोषदायित्व कालावधी, म्हणजे कामातल्या दोषांना ठेकेदार जबाबदार असतो ती मुदत, संपला नसेल तर ठेकेदाराने स्वखर्चाने करायची. कार्यादेशात हा कालावधी लिहिलेला असतो आणि तोवर त्याची अनामत रक्कम अडकलेली असते. तक्रारीत रस्त्याचं नाव, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि "दोषदायित्वात दुरुस्ती करून घ्यावी" हे शब्द लिहा. नुसतं "खड्डे बुजवा" लिहिलं की खातं नव्या खर्चाने बुजवून मोकळं होतं.

१८. झालेला ठराव रद्द होऊ शकतो का?

होऊ शकतो. महापालिकेचा ठराव १९४९ च्या कायद्याच्या कलम ४५१ खाली राज्य शासन निलंबित किंवा विखंडित (रद्द) करू शकतं. नगरपरिषदेच्या ठरावाची अंमलबजावणी १९६५ च्या कायद्याच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात. ठराव कायद्याच्या विरुद्ध आहे, हे तुम्हाला कलमासह दाखवावं लागतं. "आम्हाला मान्य नाही" एवढ्याने भागत नाही. त्यापुढे उच्च न्यायालय, पण तिथे पहिला प्रश्न येतो की हरकतीच्या मुदतीत तुम्ही काय केलंत. तिथे प्रश्न ६ मधली शिक्का मारलेली प्रत उपयोगी पडते.

१९. आम्हाला काही थांबवायचं नाही, उलट काम करून हवं आहे. केव्हा मागायचं?

मार्चच्या शेवटी मागून उपयोग नसतो. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि खात्यांच्या याद्या कित्येक महिने आधी तयार व्हायला लागतात. दिवाळीच्या आसपास क्षेत्रीय कार्यालयात लेखी द्या: बाक कुठे हवा, कुठला दिवा बंद, कुठल्या कोपऱ्यावर म्हातारी माणसं रस्ता ओलांडताना अडतात. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं सुचवून घेतली जातात. जिथे अशी सोय नाही तिथे प्रभाग समितीच्या सभेत पत्र द्या आणि ते इतिवृत्तात आलं का, हे पुढच्या सभेत विचारा.